जे२३१०० प्रमोटर कागदावर सगळ्यात जोरदार, मोजणीत मात्र जे२३१०६ पुढे. चुकतंय कुठे?

कलिना_बायो

नमस्कार मंडळी. ई. कोलायमध्ये एका एन्झाइमचं प्रमाण कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पातळ्यांवर ठेवायचं आहे. एन्झाइम फार झालं की पेशींची वाढ खुंटते. म्हणून आधी एसएफजीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) लावून प्रमोटरची (जीन चालू करणाऱ्या डीएनए तुकड्याची) ताकद मोजायची आणि मग जीएफपीच्या जागी खरा जीन बसवायचा, असा बेत आहे. अँडरसन मालिकेतले (कमीजास्त ताकदीच्या तयार प्रमोटरांचा संच) तीन प्रमोटर घेतले: जे२३११४, जे२३१०६ आणि जे२३१००. मालिकेच्या तक्त्यात त्यांच्या ताकदीचे आकडे अनुक्रमे ०.१०, ०.४७ आणि १ आहेत.

प्लाझ्मिडची मांडणी अशी: प्यूसी ओरिजिन (प्लाझ्मिडच्या प्रती किती ते ठरवणारा भाग), अँपिसिलिन (निवडीचं औषध), प्रमोटर, त्याला चिकटून बी००३४ आरबीएस (रायबोसोम बसण्याची जागा), एसएफजीएफपी, शेवटी बी००१५ टर्मिनेटर (वाचन थांबवणारा भाग). स्ट्रेन डीएच५अल्फा. एलबीमध्ये ३७ अंशांवर १६ तास वाढवून ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर घातले आणि एकदाच वाचन घेतलं, जीएफपी भागिले ओडी६०० (गढूळपणावरून पेशींचं माप).

जे२३११४ रिकाम्या एलबीच्या जेमतेम वर दिसतो. जे२३१०६ सगळ्यात वर. जे२३१०० त्याच्या निम्म्यावर, त्यातही तीन कॉलन्यांचे आकडे तीन दिशांना. ट्रान्सफॉर्मेशनलाही जे२३१०० च्या कॉलन्या थोड्याच आल्या. प्रमोटरचा ३५ अक्षरांचा भाग सीक्वेन्स केला, तो बरोबर आहे. पूर्ण जीन सिंथेसिस परवडणार नाही, ऑलिगो (डीएनएचे छोटे तयार तुकडे) मात्र मागवता येतील. काय बदलावं?

सिग्मा_सत्तर

तुमचे प्रमोटर ठीक आहेत. दुखणं त्यांच्या आजूबाजूला आहे.

आधी तो तक्ता कसा तयार झाला ते बघा. ते आकडे टीजी१ स्ट्रेनमध्ये, आरएफपी (लाल चमकणारं प्रथिन) लावून, एलबीमध्ये संपृक्तावस्थेपर्यंत (वाढ थांबेपर्यंत) वाढवून काढलेले आहेत. तुमचा स्ट्रेन वेगळा, रिपोर्टर वेगळा, प्लाझ्मिड वेगळा. १ आणि ०.४७ हे त्या मांडणीतले आकडे आहेत, ते प्रमोटरच्या अंगचे नव्हेत. क्रम साधारण टिकतो, गुणोत्तर टिकेलच असं नाही. तुमच्याकडे तर क्रमही मोडलाय, म्हणजे आणखी काहीतरी घडतंय.

ते आणखी काहीतरी म्हणजे प्यूसी. ३७ अंशांवर पेशीमागे ५०० ते ७०० प्रती. त्यावर जे२३१००, त्यावर बी००३४ सारखा दणकट आरबीएस. पेशीची रायबोसोम एकाच कामाला जुंपली जातात आणि वाढ मंदावते. अशा वेळी ज्या पेशीत प्रमोटर, आरबीएस किंवा जीएफपी बिघडलं असेल ती पुढे पळते. हिशेब करून पाहा: ओझ्याखालची पेशी ३५ मिनिटांत दुप्पट होते आणि बिघडलेली २५ मिनिटांत, असं धरलं तर १० तासांत बिघडलेलीचा वाटा शंभराहून अधिक पट वाढतो. जे२३१०० च्या तीन कॉलन्यांचे तीन आकडे मला तरी असेच वाटतात.

याची खातरजमा फुकटात होते. जे२३१०० ची ताजी प्लेट निळ्या प्रकाशाखाली धरा. बारीक, गर्द हिरव्या कॉलन्यांच्या मधूनच एखादी टपोरी, फिकट कॉलनी दिसेल. टूथपिक नेमकी तिच्याकडे वळते, कारण ती उचलायला सोपी असते. ती उचलू नका. आणि फक्त ३५ अक्षरं सीक्वेन्स करून भागत नाही, प्रमोटरच्या १०० अक्षरं आधीपासून टर्मिनेटरच्या पुढपर्यंत वाचा. बिघाड बहुतेकदा आरबीएसमध्ये किंवा जीएफपीच्या आत सापडतो, कधी एखादा आयएस घटक (जागा बदलणारा डीएनए तुकडा) मध्येच घुसलेला असतो.

अँपिसिलिनही बदला. बीटा-लॅक्टमेज पेशीबाहेर झिरपतं, रात्रभरात माध्यमातलं औषध संपतं आणि प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशी आरामात वाढतात. त्या ओडीत मोजल्या जातात, जीएफपीत नाहीत. कॅनामायसिन घ्या, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ओरिजिन पी१५ए घ्या, १० ते १५ प्रतींचं. एवढ्या दोन बदलांनीच क्रम जागेवर यायला हवा.

माटुंगा_पिपेट

वरचं सगळं मान्य, पण मोजणीही तितकीच चुकीची आहे. प्लाझ्मिड बदलूनही असंच मोजलंत तर पुन्हा इथेच याल.

१६ तासांनंतरचं एकच वाचन म्हणजे प्रमोटरची ताकद नव्हे. एसएफजीएफपी टिकाऊ असतं, साचत जातं. संपृक्तावस्थेत सिग्मा-एस (त्या अवस्थेतले जीन चालवणारं प्रथिन) वर येतो, वाढ थांबते, पण आधीचं जीएफपी तसंच राहतं. तुम्ही रात्रभराचा साठा मोजताय. तुम्हाला हवाय निर्मितीचा वेग, तोही वाढीच्या घातांकी टप्प्यातला.

एलबी सोडा. त्यात हिरव्यात चमकणारी द्रव्यं मुळातच असतात, तुमचा जे२३११४ त्याच उजेडात बुडालाय. एम९ (ठराविक क्षारांचं साधं माध्यम) घ्या: ०.४ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के कॅसअमिनो अ‍ॅसिड, २ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. डीएच५अल्फाला थायमिन बाहेरून द्यावं लागतं, त्याच्या जिनोममध्ये थाय-१ बिघाड आहे. लिटरला ०.३४ ग्रॅम घाला. थायमिन विसरलं की दोन दिवस वाट पाहूनही नळी स्वच्छच राहते आणि दोष विनाकारण प्रमोटरवर जातो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर, ढवळत ढवळत घाला. फॉस्फेटबरोबर एकत्र तापवले तर माध्यम दुधासारखं होतं आणि ओडीला अर्थ उरत नाही.

आता क्रम. ताजी कॉलनी, एम९ मध्ये रात्रभर. सकाळी १:२०० पातळ करून तीन-साडेतीन तास वाढवा. ओडी ०.३ च्या आसपास आलं की पुन्हा ०.०१ पर्यंत पातळ करा आणि ०.३ पर्यंत येऊ द्या. या फेरीत साधारण पाच पिढ्या होतात, म्हणजे रात्रीचं जुनं जीएफपी ३२ पट विरळ होऊन ३ टक्क्यांवर येतं. ही पायरी वेळखाऊ आहे म्हणून गाळू नका. कमकुवत प्रमोटरचा खरा आकडा इथेच मिळतो. मग ०.०२ ला आणून प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर, ३७ अंश, सतत हलवत, दर १० मिनिटांनी वाचन. उत्तेजन ४८५, उत्सर्जन ५१५ च्या आसपास.

गणित: ओडीतून कोऱ्या माध्यमाचं ओडी वजा, जीएफपीतून कोऱ्या माध्यमाची चमक वजा. त्यानंतर जीएफपी नसलेल्या पण तेच प्लाझ्मिड असलेल्या पेशींचं जीएफपी-प्रति-ओडी वजा. ही दुसरी वजाबाकी बहुतेकजण करत नाहीत, आणि ०.१० च्या प्रमोटरला तीच निर्णायक असते. मग प्लेट रीडरचं ओडी ०.१ ते ०.४ असताना जीएफपी वाढण्याचा वेग भागिले ओडी. ओडी १ च्या पुढे गेलं की रीडर पेशी कमी मोजतो आणि भागाकार फुगतो. तुमच्या आकड्यांत याचाही हात असणार. गेन (रीडरची संवेदनशीलता) सगळ्यात तेजस्वी वेलवर ठरवून कायम ठेवा. दोन दिवस दोन गेन वापरले तर तुलना संपली.

प्रत्येक प्लेटवर त्याच मालिकेतला जे२३१०१ ठेवा आणि बाकी सगळे त्याच्या पटीत लिहा. २००९ पासून ही सापेक्ष एककांची पद्धत रूढ आहे. जुलैतली प्लेट आणि डिसेंबरमधली प्लेट शेजारी ठेवायची तर दुसरा मार्ग नाही.

जुलैचा विषय निघालाच आहे तर मुंबईपुरतं एक. इथे संध्याकाळी एसी बंद झाला की खोली ३१-३२ अंशांवर जाते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही, त्यामुळे ३० अंशांचा प्रयोग नकळत ३३ चा होतो. प्लेट रीडरही खोलीच्या तापमानाखाली जात नाही, उलट दोन-तीन अंश वरच राहतो. प्यूसीच्या प्रती तापमानावर हलतात, म्हणून ३० अंशांचे आकडे ऋतूनुसार बदलतात. ३७ वरच मोजा, नाहीतर कूलिंग असलेला इन्क्युबेटर शोधा. आणि एसीच्या गार खोलीत कोमट माध्यम भरलं की झाकणाच्या आतून दव धरतं. प्रकाश त्या थेंबांवर फुटतो आणि ओडीच्या रेषेत दात पडतात. झाकण आतून ०.०५ टक्के ट्रायटन, २० टक्के इथेनॉलमध्ये, असं फिरवून वाळवा: थेंब न बनता पातळ थर पसरतो. कडेच्या ३६ वेलमध्ये पाणी भरा, मधले ६० वापरा.

पवई_प्लाझ्मिड

बांधणीबद्दल मी लिहितो.

प्रमोटर आणि आरबीएस थेट चिकटवलेत, त्यामुळे प्रत्येक प्रमोटरबरोबर आरएनएचं पुढचं टोक थोडं वेगळं होतं. आरएनए सुरू होण्याची जागा एका-दोन अक्षरांनी सरकली तरी आरबीएसची घडी बदलू शकते, आणि मग मोजताय प्रमोटर की आरबीएस हेच कळत नाही. मधे रायबोजे घाला. तो स्वतःला कापणारा रायबोझाइम आहे, पुढचं टोक छाटून टाकतो आणि प्रमोटर कोणताही असला तरी आरएनए एकसारखा उरतो. प्रमोटरच्या आधी एक जोरदार टर्मिनेटरही हवा. नाहीतर कॅनामायसिनच्या जीनकडून येणारं वाचन तुमच्या कमकुवत प्रमोटरमध्ये मिसळतं आणि ०.१० चा प्रमोटर ०.२५ चा दिसतो.

स्वस्त मार्ग: प्लाझ्मिडमध्ये टर्मिनेटर आणि रायबोजेच्या मधे दोन बीएसए१ जागा (बीएसए१ म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम), त्यांच्यात आरएफपी. प्रमोटर बसला की लाल रंग जातो, पांढऱ्या किंवा हिरव्या कॉलन्या तेवढ्या उचलायच्या. बाकी प्लाझ्मिडमध्ये बीएसए१ असता कामा नये. अँपिसिलिनच्या जीनमध्ये एक मुळातच असतो, कॅनामायसिनकडे वळायला हे आणखी एक कारण.

प्रत्येक प्रमोटरला ३९ अक्षरांचे दोन ऑलिगो: ४ अक्षरांचं टोक आणि ३५ चा प्रमोटर. दोन्ही १०० मायक्रोमोलर. प्रत्येकी १ मायक्रोलिटर, लायगेज (तुकडे जोडणारं एन्झाइम) बफर १, पीएनके (टोकाला फॉस्फेट लावणारं एन्झाइम) ०.५, पाणी ६.५. पीएनकेसाठी लायगेजचाच बफर वापरा, त्यात एटीपी असतं. ३७ अंशांवर ३० मिनिटं, ९५ वर ५ मिनिटं, मग मिनिटाला ५ अंशांनी २५ पर्यंत उतरवा. २०० पट पातळ करा. त्यातले २ मायक्रोलिटर, ७५ नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, बीएसए१, टी४ लायगेज, एकूण २० मायक्रोलिटर. ३७ वर ५ मिनिटं आणि १६ वर ५ मिनिटं, अशा ३० फेऱ्या, शेवटी ६० वर ५ मिनिटं. ३ किलोबेसच्या प्लाझ्मिडला हे साधारण अडीच ऑलिगोमागे एक प्लाझ्मिड असं पडतं. पातळ न करता घातलं तर प्लाझ्मिडच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे ऑलिगो चिकटून बसतात आणि वर्तुळ पूर्ण होत नाही.

लायगेज बफर आल्या आल्या २० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून ठेवा. वितळवून पुन्हा गोठवत राहिलं की एटीपी मरतं. तळाशी पांढरं दिसलं तर तो डीटीटी आहे, हातात धरून कोमट करा आणि व्हॉर्टेक्स करा. फेकायचं कारण नाही.

कापायला एनएचई१ हे एन्झाइम वापरायचा विचार असेल तर सोडा. या मालिकेच्या प्रमोटरच्या आतच त्याची जागा दोनदा आहे.

कलिना_बायो

खूप आभार. टपोरी फिकट कॉलनी खरंच आहे प्लेटवर, आत्ता पाहिली.

दोन शंका. तीनच पातळ्यांवर थांबण्याऐवजी प्रमोटरमधल्या उणे ३५ आणि उणे १० या (पॉलिमरेज बसण्याच्या) जागांत मिश्र अक्षरं (एका जागी एकाहून अधिक पर्याय) घालून छोटी लायब्ररी केली तर? मिश्र अक्षरांचे दोन ऑलिगो असेच जोडायचे का? आणि जीएफपी काढून एन्झाइम घातल्यावर हे आकडे लागू राहतात का?

पवई_प्लाझ्मिड

लायब्ररी जरूर करा. पण मिश्र अक्षरांचे दोन ऑलिगो एकमेकांशी जोडू नका. वरच्या पट्टीत जी असेल तिथे खालच्या पट्टीत सी येईलच याची हमी नसते, जोड्या विजोड बसतात. पेशी त्यातली एखादी बाजू दुरुस्त करते, कधी दोन्ही टिकतात आणि एकाच कॉलनीत दोन प्रमोटर निघतात. मिश्र अक्षरं एकाच ऑलिगोत ठेवा आणि दुसरी पट्टी पॉलिमरेजकडून भरून घ्या.

सोपा उपाय म्हणजे पूर्ण प्लाझ्मिडचा पीसीआर. पुढच्या प्रायमरच्या शेवटी रायबोजेला बसणारी २० अक्षरं, त्याआधी प्रमोटर, सगळ्यात पुढे बीएसए१. लांबी ७० च्या आसपास जाते. प्रत्येक अक्षराची जोडणी ९९ टक्के यशस्वी धरली तरी पूर्ण लांबीचे निम्मेच निघतात. अर्धवट राहिलेल्यांचं पुढचं टोक तुटलेलं असतं, आणि तिथेच बीएसए१ असल्यामुळे ते वर्तुळात बसूच शकत नाहीत. बोथट टोकांनी जोडलंत तर हेच अर्धवट प्रायमर उणे ३५ गाळलेले प्रमोटर म्हणून लायब्ररीत शिरतात. पीसीआरनंतर डीपीएन१ (मूळ प्लाझ्मिड तेवढं कापणारं एन्झाइम) लावायला विसरू नका, नाहीतर मूळ प्लाझ्मिडच्या कॉलन्या प्लेट भरून टाकतील.

अक्षरं अशी ठेवा. उणे ३५: टी-टी-के-ए-वाय-आर. उणे १०: टी-ए-वाय-ए-आर-टी. के म्हणजे जी किंवा टी, वाय म्हणजे सी किंवा टी, आर म्हणजे ए किंवा जी. आठ गुणिले चार, एकूण ३२ प्रकार. तुमचे तिन्ही प्रमोटर आणि आदर्श जे२३११९ सुद्धा यातच आहेत, म्हणजे ओळखीचे आकडे आपोआप मिळतील. ९६ कॉलन्या उचलल्या तर एखादा प्रकार हुकण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, ३२ पैकी एक-दोन हुकतील असं धरा. मधलं १७ अक्षरांचं अंतर हलवू नका. १६ आणि १८ चालतात पण ताकद पडते, १५ किंवा १९ झालं की बहुतेक सगळं जातं. सीक्वेन्समध्ये आधी हेच अंतर मोजा, ऑलिगोतून एखादं अक्षर गळणं नेहमीचं आहे.

सिग्मा_सत्तर

जे२३११९ बद्दल एक भर. उणे ३५ आदर्श, उणे १० आदर्श, त्यात वर एटी-बहुल अप घटकही (पॉलिमरेजची पकड वाढवणारा) जोडला की अजून जोर येईल असं वाटतं. पण पॉलिमरेज इतकं घट्ट बसतं की सुटून पुढे निघायलाच वेळ लागतो आणि निर्मिती उलट घटू शकते. नाकापेक्षा मोती जड. तुमच्या विषारी एन्झाइमसाठी तर वरचं टोक हवंच कशाला? लायब्ररीतल्या खालच्या अर्ध्या भागावर जास्त मेहनत घ्या. ०.०५ ते ०.३ या पट्ट्यात पाच-सहा जवळजवळचे प्रमोटर मिळाले तर काम होईल.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: क्रम लागू राहील, आकडे नाहीत. आरबीएसची घडी त्याच्या पुढच्या ३०-३५ अक्षरांवर ठरते आणि ती जीएफपीची होती, आता एन्झाइमची येणार. रायबोजेने पुढचं टोक सारखं केलं, मागचं नाही.

पवई_प्लाझ्मिड

म्हणूनच बी००३४ काढून द्विसिस्ट्रॉनिक मांडणी घ्या. आधी एक छोटा पेप्टाइड, दुसरा आरबीएस त्याच्या पोटात, आणि पेप्टाइडचा शेवट व जीनची सुरुवात टी-ए-ए-टी-जी अशी एकमेकांवर चढलेली. पहिल्या पेप्टाइडवरून चालत आलेलं रायबोसोम पुढची घडी उलगडतं, त्यामुळे जीन बदलला तरी भाषांतराचा वेग फारसा हलत नाही. लांबी शंभराच्या आत आहे, दोन ऑलिगोंत बसते.

सिग्मा_सत्तर

उपाय चांगला आहे, पण तो आरबीएस मुळात जोरदार आहे. विषारी जीनला प्रमोटर त्या हिशेबाने आणखी खाली न्यावा लागेल. मी असतो तर ही मांडणी लायब्ररी मोजण्याआधीच बसवली असती, नंतर नव्हे. नंतर बसवली तर सगळं पुन्हा मोजावं लागेल.

माटुंगा_पिपेट

एक पर्याय कुणी मांडला नाही म्हणून सांगतो. एन्झाइमची योग्य पातळी कोणती हेच माहीत नसेल तर आधी पीएल-टेटओ-१ वर (एटीसी या रसायनाने चालू होणारा प्रमोटर) ठेवून एटीसी ० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं चढवत न्या. वाढ कुठे मोडते ते एका प्लेटमध्ये दिसेल, मग त्या पातळीचा स्थिर प्रमोटर लायब्ररीतून निवडा. टेटआर (त्या प्रमोटरला बंद ठेवणारं प्रथिन) मात्र प्लाझ्मिडवर किंवा जिनोमवर असायला हवा, डीएच५अल्फात तो नसतो. एटीसी प्रकाशात खराब होतं, नळी फॉइलमध्ये गुंडाळा. अ‍ॅराबिनोजचा प्रमोटर या कामाला घेऊ नका. साध्या स्ट्रेनमध्ये मधल्या मात्रेला काही पेशी पूर्ण चालू आणि काही पूर्ण बंद असतात, आणि प्लेट रीडर त्यांची सरासरी दाखवून मध्यम पातळी मिळाल्याचा भास करून देतो. फ्लो सायटोमीटरवर १०,००० पेशी पाहिल्या की एका टेकाडाच्या जागी दोन दिसतात. तुमच्या अंतिम तीन प्रमोटरांचीही तशी एक तपासणी करून घ्या.

कलिना_बायो

ठरलं. पी१५ए, कॅनामायसिन, आधी टर्मिनेटर, रायबोजे, द्विसिस्ट्रॉनिक मांडणी, आणि ३२ ची लायब्ररी जीएफपीवर, जे२३१०१ प्रत्येक प्लेटवर. प्रायमर आजच मागवतो. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे प्लाझ्मिडचा बदल कळवावा लागेल, तो अर्जही आजच टाकतो. मिश्र अक्षरांचा ऑलिगो साध्या शुद्धीकरणाचा चालेल का, की पेजवर (जेलवर) शुद्ध केलेला घ्यावा?

पवई_प्लाझ्मिड

साधा घ्या. अर्धवट तुकडे बीएसए१ गाळतो, मधे गळलेली अक्षरं सीक्वेन्समध्ये दिसतात. मागवताना मिश्र जागी हाताने मिसळलेलं समान प्रमाण लागू करा असं लिहा. यंत्राने मिसळलेल्यात जी आणि टी थोडे वरचढ निघू शकतात आणि मग ९६ ऐवजी १५० कॉलन्या उचलाव्या लागतात.